पाच गोळ्यांचा निकाल मान्य नाही

आयुध निर्माणीचं पिस्तूल नेमाला कच्चं, जुनं विलायती पिस्तूल नेमाला पक्कं, आणि मधल्या किमतीतलं घ्यायचं असेल तर आणखी पन्नास-साठ हजार टाकले की नेम सुधारतो. पुण्याजवळच्या रावेत, किवळे, पुनावळे या पट्ट्यात ही समजूत आता इतकी घट्ट बसली आहे की तिला पुरावा मागावा असं कुणाला वाटत नाही. जमिनींना भाव आले, चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे शेडमधले उद्योजक मोठे झाले, काहींना धमकीचे फोन आले, काहींना नुसतीच हौस आली. परवाना हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, दीड-दोन लाखांत कोणतं घेऊ? सरळ कोणतं मारतं?" उत्तर देणाराही तयारच असतो. त्यानं तीन पिस्तुलं चालवून पाहिलेली असतात. प्रत्येकातून पाच गोळ्या, दहा मीटरवर कागद, सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं, ते किमतीशी ताडून पाहायचं आणि पैसा वसूल करणारं पिस्तूल कोणतं ते जाहीर करायचं.

त्या पट्टीवरचा आकडा खरा असतो, त्याबद्दल माझं भांडण नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा असतो, आणि वस्तू पिस्तूल असल्यामुळे ही चूक कधी ना कधी कुणाच्या तरी जिवावर येते. म्हणून हा प्रतिवाद.

मी भोसरीच्या टूलरूममध्ये तपासणी विभागात काम केलेला माणूस आहे आणि पिस्तूल धरायला बालेवाडीच्या रेंजवर शिकलो. चाकणमधल्या कुठल्याही पुरवठादाराला माहीत असलेली एक गोष्ट आधी सांगतो. नवा भाग मंजुरीला पाठवण्याआधी गेज आर अँड आर करावं लागतं. तेच दहा भाग, तेच मापन यंत्र, दोन-तीन वेगवेगळे ऑपरेटर, प्रत्येकानं पुन्हापुन्हा मोजायचं. भागाभागातला खरा फरक किती आणि मोजणाऱ्याच्या हातामुळे किंवा यंत्रामुळे आलेला फरक किती, हे आधी वेगळं काढायचं. मोजणीचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली. तीस टक्क्यांच्या वर गेला तर ती मोजणी रद्द, आणि भागाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. हा नियम पाळला नाही म्हणून माल परत आलेला ज्यानं पाहिला आहे, तोच माणूस पिस्तुलाच्या बाबतीत पाच गोळ्यांवर विश्वास ठेवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण या चाचणीत मोजणारं यंत्र म्हणजे चाचणी करणाऱ्याचा हात. पिस्तूल रेस्टवर, म्हणजे स्थिर आधारावर, टेकवलेलं नसतं, दोन्ही हातांनी उभ्यानं धरलेलं असतं. पहिल्या पिस्तुलाच्या वेळी माणूस ताजा असतो, तिसऱ्याच्या वेळी मनगट थकलेलं असतं आणि पुढच्या धक्क्याच्या अपेक्षेनं बोट आधीच आवळलं जातं. ज्या पिस्तुलाकडून त्याला मुळात आशा आहे, त्याच्यावर तो जास्त वेळ घेऊन नेम धरतो. एकाच्या मॅगझिनमध्ये नव्या पेटीतली काडतुसं असतात, दुसऱ्याच्यात कपाटात चार पावसाळे काढलेली. एवढं सगळं एका आकड्यात मिसळायचं आणि त्या आकड्याला पिस्तुलाचं नाव द्यायचं.

शिवाय पाच गोळ्या मुळातच अपुऱ्या. तेच पिस्तूल, तीच पेटी, तोच नेमबाज घ्या आणि पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप एकामागून एक काढा. एक ग्रुप दुसऱ्याच्या दीडपट मोठा येणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. पिस्तूल बदललेलं नसतं, हातही बदललेला नसतो. बिघडलेली एकच गोळी त्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांपैकी एक ठरते आणि उरलेल्या चार गोळ्यांनी सांगितलेलं सगळं पुसून टाकते. दोन पिस्तुलांच्या ग्रुपमध्ये दोन-तीन सेंटिमीटरचा फरक दिसला म्हणून एकाला पक्कं आणि दुसऱ्याला कच्चं ठरवणारा माणूस बहुतेक वेळा योगायोगालाच गुण देत असतो.

आता नेमाचं गणित पाहू, कारण खरा मुद्दा तिथं आहे. खिशात मावणाऱ्या पिस्तुलावर पुढचं आणि मागचं निशाण यांच्यात साधारण १३० मिलिमीटर अंतर धरा. खटका दाबताना पुढचं निशाण मागच्या खाचेत अर्धा मिलिमीटर सरकलं, तर दहा मीटरवर गोळी जवळजवळ ३८ मिलिमीटर बाजूला जाते. अर्धा मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेले वहीचे चार-पाच कागद. ज्या दोन पिस्तुलांमध्ये लोक दोन सेंटिमीटरचा फरक शोधून दाखवतात, त्या फरकाहून हे सरकणं मोठं आहे, आणि ते सरकतं बोटामुळे.

बोटामुळे का, तेही सांगतो. या वर्गातल्या अनेक पिस्तुलांत पहिल्या गोळीचा खटका पाच-सहा किलोंचा असतो आणि पुढच्या गोळ्यांचा त्याच्या निम्म्याहून कमी. पिस्तुलाचं स्वतःचं वजन मात्र सहाशे-सातशे ग्रॅम. सातशे ग्रॅमच्या वस्तूवर पाच किलोंचा दाब द्यायचा आणि ती जागची हलू द्यायची नाही, हे शिकवल्याशिवाय कुणालाही जमत नाही. पहिली गोळी एका वजनाच्या खटक्यावर आणि उरलेल्या दुसऱ्याच वजनावर सुटत असतील, तर त्या पाच भोकांचा ग्रुप नेमका कशाचा ग्रुप म्हणायचा? खटक्याचं वजन न सांगता केलेली अचूकतेची कोणतीही तुलना मी ऐकून घ्यायला तयार नाही.

यंत्र म्हणून पाहिलं तरी ही समजूत टिकत नाही. .३२ बोअरचं, म्हणजे ७.६५ मिलिमीटरचं स्वयंभरणी पिस्तूल साधारणपणे ब्लोबॅक पद्धतीचं असतं. जॉन ब्राउनिंगनं विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या काडतुसासाठी पिस्तूल घडवलं तेव्हापासूनची ही रीत. स्प्रिंगचा ताण आणि स्लाइडचं वजन एवढ्यावर काम भागतं, नळी जागची हलत नाही. जास्त ताकदीच्या ९ मिलिमीटर पिस्तुलात बहुधा नळी मागे सरकते, खाली झुकते आणि पुन्हा आपल्या जागी बसते, म्हणून तिथं ती प्रत्येक वेळी तशीच बसते की नाही हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. .३२ मध्ये हा प्रश्न फारसा उरत नाही. नळी सरळ असली, रायफलिंग स्वच्छ असलं, चेंबर मापात असलं, तर आपल्या आयुध निर्माणीचं लाखाच्या आसपासचं 'अशनी' आणि त्याच्या कित्येक पट किमतीचं जुनं विलायती पिस्तूल यांच्यातला निव्वळ यांत्रिक फरक तुमच्याआमच्या हाताला कळण्याइतका नसतो. फरक असतो तो खटक्यात, निशाणांच्या स्पष्टपणात आणि मुठीच्या आकारात. त्यासाठी पैसे मोजणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्याला नळीची अचूकता म्हणू नये.

काडतुसांकडे तर कुणी वळूनही पाहत नाही. आपल्या परवानाधारकाच्या हातातल्या .३२ काडतुसाच्या बुडाशी बऱ्याचदा 'केएफ' ही दोन अक्षरं उमटवलेली असतात. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी. १८६९ पासूनचा हा दारूगोळा कारखाना रावेतपासून मोटारनं तासाभराच्या आत आहे, आणि देहूरोडचा आयुध कारखाना तर आपल्या वेशीवरच. दोन्ही आता म्युनिशन्स इंडिया या कंपनीत आहेत, तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. इतक्या जवळ राहून आपल्याला एवढं कळायला हवं की दारूचं वजन, गोळीचं वजन आणि पेटी कशी साठवली यावर गोळीचा वेग ठरतो, आणि वेग बदलला की भोकाची जागा बदलते. एकाच लॉटची काडतुसं वापरली नसतील तर तुलनेचा कागद फाडून टाकावा.

मग विलायती पिस्तुलाची किंमत एवढी का? उत्तर कायद्यात आहे. लष्कराच्या आणि पोलिसांच्या सेवेतली ९ मिलिमीटरसारखी काडतुसं ज्यातून उडतात अशी पिस्तुलं सामान्य नागरिकाला प्रतिबंधित आहेत. म्हणून आपल्याकडे .३२ ला एवढा मान, एरवी जगानं ते काडतूस कधीच मागे टाकलं. त्यात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली. राष्ट्रीय पातळीवरच्या नेमबाजांना सवलत राहिली, बाकीच्यांच्या वाट्याला त्याआधी देशात आलेली पिस्तुलंच आली. तीच परवान्यावरून परवान्यावर फिरतात. संख्या ठरलेली, गिऱ्हाईक वाढतं. साठ-सत्तर वर्षं जुनं, स्प्रिंगा थकलेलं, सुटा भाग मिळण्याची खात्री नसलेलं पिस्तूल कित्येक लाखांना जातं ते या टंचाईमुळे. त्या किमतीत अचूकतेचा वाटा शोधणं म्हणजे भलत्याच ठिकाणी पैसे मोजणं. उलट मी म्हणेन, एवढ्या जुन्या पिस्तुलाची नळी किती झिजली आहे, हे बोअर गेज लावून पाहिल्याशिवाय कुणी ते नेमाचं पक्कं म्हणूच नये.

किमतीची बाजू झाली, आता जाहिरातीची. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीनं 'प्रबल' नावाचं .३२ बोअरचं रिव्हॉल्वर आणलं. वजन सुमारे ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, आणि मारा ५० मीटर असल्याचं सांगितलं गेलं. आपल्या भागात हा आकडा अचूकतेचा दाखला म्हणून फिरला, आणि पिस्तूल घेऊ पाहणारेही विचारू लागले की रिव्हॉल्वर पन्नास मीटर मारतं तर पिस्तूल किती मारेल. गोळी पन्नास मीटर जाऊन इजा करते, यात नवल काय? ती किलोमीटरभरही जाऊ शकते. मघाचंच गणित पन्नास मीटरला लावा. अर्धा मिलिमीटर सरकलं की १९ सेंटिमीटर, एक मिलिमीटर सरकलं की ३८ सेंटिमीटर. घाबरलेला, धापा टाकणारा, वर्षातून दोनदा पिस्तूल कपाटातून बाहेर काढणारा माणूस रस्त्यापलीकडच्या हल्लेखोरावर गोळी झाडतो तेव्हा ती त्याच्या शेजारून जाणाऱ्या कुणालाही लागू शकते. पन्नास मीटर हे आश्वासन म्हणून सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं, मग सांगणारा कुणीही असो.

२०१४ मध्ये 'निर्भीक' आलं तेव्हाही हेच झालं होतं. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर खास महिलांसाठी म्हणून पुढं केलेलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं हलकं रिव्हॉल्वर, किंमत सव्वा लाखाच्या जवळ. हलकेपणा हा गुण म्हणून सांगितला गेला. पण वजन कमी झालं की धक्का जास्त जाणवतो, आणि हलकी वस्तू खटक्याच्या दाबानं जास्त हलते. ज्या बाईनं आयुष्यात कधी गोळी झाडलेली नाही तिच्या हातात, अचूकतेच्या दृष्टीनं सगळ्यात अवघड असं हत्यार सगळ्यात सोयीचं म्हणून ठेवलं गेलं. तिच्या प्रशिक्षणाचा खर्च त्या सव्वा लाखात कुणी धरला नव्हता.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. "पैशानं नेम येत नसेल तर बालेवाडीतली पोरं दोन-दोन, तीन-तीन लाखांची परदेशी पिस्तुलं कशाला घेतात?" खरं आहे, घेतात. पण ती कशासाठी ते नीट पाहा. २५ मीटर स्पोर्ट्‌स पिस्तूल या प्रकारात .२२ बोअरचं स्वयंभरणी पिस्तूल लागतं. खटका किमान एक किलोचा, पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमपर्यंत, निशाणांमधलं अंतर २२० मिलिमीटरपर्यंत. निशाणं हव्या त्या दिशेला सरकवता येतात, लाकडी मूठ नेमबाजाच्या तळव्याप्रमाणे तासून घेतात. म्हणजे खटका पिस्तुलाच्या वजनाहून हलका, आणि आपल्या .३२ मध्ये तो त्याच्या सात-आठ पट जड. पैसे जातात ते हाताची चूक कमी उमटावी यासाठी. तरीही चूक उमटतेच. प्रिसिजन फेरीत २५ मीटरवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं, आणि त्या महागड्या पिस्तुलाचंही निशाण अर्धा मिलिमीटर सरकलं तर गोळी ५७ मिलिमीटर लांब जाऊन आठ गुण देते. रॅपिड फेरीत हात ४५ अंशांत खाली ठेवायचा, लक्ष्य तीन सेकंद दिसतं, तेवढ्यात हात वर, एक गोळी, पुन्हा खाली. असे हजारो हात वर-खाली झाल्यावर कुठं त्या पिस्तुलाची किंमत वसूल होऊ लागते.

कोल्हापूरची राही सरनोबत आणि पुण्याची अनिसा सय्यद या दोन नेमबाजांची नोंद या वादात मला सगळ्यात बोलकी वाटते. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात अनिसाला सुवर्ण, राहीला रौप्य. २०१४ ला ग्लासगोमध्ये राहीला सुवर्ण, अनिसाला रौप्य. साधनं दोघींकडे जागतिक दर्जाची, नियम तेच, मग क्रम उलटला कशानं? त्या दिवशीच्या हातानं. राहीनं २०१३ मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या नेमबाजाला शूट-ऑफमध्ये हरवून सुवर्ण जिंकलं, आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. यातल्या कुठल्याही यशाचं श्रेय तिच्या पिस्तुलाच्या किमतीला देऊन पाहा, तुम्हालाच ते बोलवणार नाही.

आणि महाग साधन दगा देत नाही, हेही खरं नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बिघडलं. मौल्यवान मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती थांबली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं दोन कांस्यपदकं आणली. त्याच पॅरिसमध्ये तुर्कस्तानचा युसुफ दिकेच एक हात खिशात घालून साध्या टी-शर्टात उभा राहिला, मिश्र सांघिक रौप्य घेऊन गेला, आणि आपल्याकडे लोक म्हणू लागले की बघा, साधनं लागतच नाहीत. तेही चूक. त्यानं खास चष्मा टाळला होता, त्याच्या हातातलं पिस्तूल स्पर्धेच्या दर्जाचंच होतं. साधन लागतं. एका पातळीपर्यंत लागतं, आणि त्या पातळीच्या वर हात लागतो. आपला .३२ चा परवानाधारक त्या पातळीच्या जवळपासही नाही, कारण त्यानं सरावच केलेला नाही.

मग मधल्या किमतीच्या पिस्तुलात मोल कशात पाहावं? माझं उत्तर सरळ आहे. आधी भरवसा. तुमच्याच पेटीतल्या काडतुसांवर ते अडकल्याशिवाय किती गोळ्या चालतं? रिकामं काडतूस स्वच्छ बाहेर फेकतं का? मॅगझिन दुसरं मिळतं का, स्प्रिंग तुटली तर सुटा भाग आणि अधिकृत दुरुस्ती कुठं? त्यानंतर मूठ: तुमच्या बोटाची पेरं खटक्यावर सरळ पोचतात की पिस्तूल तिरकं धरावं लागतं? सेफ्टी अंधारात अंगठ्याला सापडते का? आणि या सगळ्यानंतर, उरलेल्या पैशांत प्रशिक्षण आणि सरावाची काडतुसं किती येतात? एका लाखाचं पिस्तूल आणि पन्नास हजारांचा सराव, याला मी दीड लाखाच्या पिस्तुलापेक्षा कधीही वरचा नंबर देईन. ग्रुपचा आकार माझ्या यादीत शेवटी येतो.

ही चाचणी होते कुठं, यावरही बोललं पाहिजे. मावळातल्या कुणाच्या तरी शेतावर, डोंगराकडे तोंड करून. तिथं मागे गोळी अडवणारा मातीचा बांध नाही, पलीकडच्या वावरात कोण आहे ते दिसत नाही, दगडावरून उसळलेली गोळी कुठं जाईल ते कुणालाच सांगता येत नाही. निष्काळजीपणे किंवा समारंभात गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणं हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी उडवणाऱ्याला आपण मूर्ख म्हणतो. शेतावर पिस्तुलांची तुलना करणाऱ्यालाही तोच शब्द लागू आहे.

तुलना करायचीच असेल तर रीतसर करा. अधिकृत रेंज, पिस्तूल रेस्टवर, एकाच लॉटची काडतुसं, प्रत्येकी किमान तीस गोळ्या, निदान दोन नेमबाज, खटक्याचं वजन काट्यावर मोजलेलं, आणि अडकलेल्या प्रत्येक गोळीची नोंद. एवढं करून फरक दिसला तर मी तो मान्य करीन आणि चारचौघांत सांगेन. एवढं करायची तयारी नसेल तर कृपा करून नव्या परवानाधारकाला सल्ला देऊ नका.

आणि नव्या परवानाधारकाला माझी विनंती. शस्त्र नियम २०१६ मध्ये परवाना मागणाऱ्यानं सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. ते प्रमाणपत्र तुम्ही नुसता कागद म्हणून फाइलला जोडलं असेल, तर पिस्तूल निवडायच्या आधी ते प्रशिक्षण खरोखर घ्या. दुकानात त्यानंतर जा.